सुगंधाचा सौदागर : फ्रान्स्वा कोती

काही माणसे मरणानंतर बाटलीवरच्या लेबलाएवढीच उरतात. फ्रान्स्वा कोती हा त्यांपैकी एक. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जगातल्या अतिश्रीमंतांत ज्याची गणना होई, त्याच्याविषयी आज सुगंधाच्या व्यापाराबाहेर फारसे कोणी बोलत नाही. मला हे नाव प्रथम भेटले ते अत्तरांच्या संदर्भात. पुढे दोन महायुद्धांमधल्या फ्रान्सचा इतिहास वाचताना ते पुन्हा समोर आले, आणि या वेळी ते होते वृत्तपत्रे विकत घेणाऱ्या आणि निळ्या सदऱ्यांच्या टोळ्यांना पैसा पुरवणाऱ्या एका धनिकाचे. दोन्ही ठिकाणचा माणूस एकच आहे हे कळल्यावर कुतूहल स्वस्थ बसू देईना. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच.

नावाची एक गंमत आधी सांगून टाकतो. इंग्रजी वळणाने वाचणारे त्याला ‘कोटी’ म्हणतात. फ्रेंच उच्चार ‘कोती’. मराठी माणसाला दोन्ही उच्चार अर्थपूर्ण वाटावेत असा हा योगायोग आहे. त्याच्या आयुष्याचा पूर्वार्ध पाहावा तर पहिला उच्चार शोभतो, आणि उत्तरार्ध पाहावा तर दुसरा.

त्याचे खरे आडनाव मात्र यांपैकी कोणतेच नव्हते. ३ मे १८७४ रोजी कॉर्सिका बेटावरील आजाक्सियो या गावी तो जन्मला, तो जोझेफ मारी फ्रान्स्वा स्पोतुर्नो म्हणून. आजाक्सियो हे नेपोलियनचेही जन्मगाव. बोनापार्ट घराण्याशी आपले दूरचे नाते आहे याचा स्पोतुर्नो कुटुंबाला अभिमान होता, आणि हा अभिमान या मुलाच्या मनात पुढे जरा जास्तच मुरला असे म्हणावे लागते. आईवडील लहानपणीच गेले. पणजीने आणि मग आजीने त्याला वाढवले. बालपणाचा काही काळ मार्सेय बंदरात गेला. शिक्षण बेताचे, घरची स्थिती त्याहून बेताची. अशा मुलाने पॅरिसला जाऊन नशीब काढावे ही त्या काळच्या कॉर्सिकन घरांतली रीतच होती. आपल्या कोकणातला मुलगा मुंबईची बोट धरी, तसेच ते.

पॅरिसमध्ये त्याला आधार मिळाला तो एमान्युएल आरेन या कॉर्सिकन पुढाऱ्याचा. आरेन हा संसदेचा सभासद, शिवाय नाटककार. त्याच्याकडे उठबस मोठ्या लोकांची. तरुण स्पोतुर्नो त्याचा चिटणीस झाला. कागदपत्रे सांभाळता सांभाळता बड्या घरच्या स्त्रिया काय नेसतात, काय लावतात, कशाला नाक मुरडतात, हे सारे त्याने टिपले असावे. १९०० साली त्याने इव्होन ल बारों हिच्याशी लग्न केले. ती टोप्या तयार करण्याच्या कामातली होती आणि तिचा हात कलाकुसरीचा होता. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले, आणि त्यात सुगंधाच्या व्यापाऱ्यांनी आपली दालने थाटली होती.

याच सुमारास एका औषधविक्रेत्या मित्राच्या दुकानात त्याने सुगंधी मिश्रणात पहिल्यांदा हात घातला. हा मित्र ओ-द-कोलोन स्वतः तयार करी आणि औषधाच्या साध्या बाटलीत भरून विकी. मिश्रण करून पाहिल्यावर स्पोतुर्नोला दोन गोष्टी उमगल्या. एक, त्याचे नाक असामान्य होते. दुसरी, इतकी सुंदर वस्तू खोकल्याच्या औषधासारखी विकणे हा मूर्खपणा होता. नाकाचा गुण निसर्गाने दिलेला. दुसरी गोष्ट मात्र त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि माझ्या मते त्याचे निम्मे यश या दुसरीतच आहे.

मग त्याने जे केले त्याचे मला कौतुक वाटते. थेट दुकान न थाटता तो शिकायला गेला. दक्षिण फ्रान्समधील ग्रास हे गाव म्हणजे सुगंधाची काशी. आसपासच्या शेतांत जाई आणि गुलाब पिकायचे, पहाटे खुडलेल्या फुलांच्या टोपल्या गावातल्या कारखान्यांत यायच्या. शिरिस या जुन्या पेढीत तो उमेदवारी करू लागला. फुलांतला अर्क बाष्पनशील द्रावकांनी काढण्याची नवी रीत तेथे वापरात होती. याखेरीज रसायनशास्त्राने नुकतीच नवी दारे उघडली होती. व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन १८७४ साली, म्हणजे कोतीच्या जन्मवर्षीच, प्रयोगशाळेत तयार झाले होते. व्हायोलेट फुलांचा वास देणारे आयोनोन १८९३ साली. जुने अत्तरवाले या कृत्रिम द्रव्यांना कमी लेखत. कोतीने फुलांचा अस्सल अर्क आणि ही नवी द्रव्ये यांचा निःसंकोच मेळ घातला. फुलांनी मार्दव दिले, रसायनांनी जोर आणि टिकाऊपणा.

पॅरिसला परतल्यावर आईचे माहेरचे आडनाव ‘कोती’ त्याने थोडे बदलून व्यापारासाठी घेतले, आजीकडून उसने भांडवल उचलले, आणि राहत्या घरातच काम सुरू केले. मिश्रण तो करी; बाटल्यांची सजावट इव्होन करी. नमुने घेऊन तो न्हाव्यांच्या दुकानांतून हिंडे. मोठी दुकाने मात्र दाद देत नव्हती.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. साल १९०४. पॅरिसमध्ये ‘लूव्र’ नावाचे एक भव्य विक्रीभांडार होते (वस्तुसंग्रहालय वेगळे, हे त्याच्या जवळचे दुकान). कोती आपले ‘ला रोज जाक्मिनो’ हे गुलाबाचे अत्तर घेऊन तेथे गेला. जाक्मिनो ही गडद तांबड्या गुलाबाची त्या काळी गाजलेली जात. खरेदी पाहणाऱ्या अधिकाऱ्याने नकार दिला. कोती वळला, आणि बाटली तेथल्या काउंटरवर आपटून फुटली. क्षणार्धात गुलाबाचा दरवळ सगळ्या मजल्यावर पसरला. कापड पाहणाऱ्या, हातमोजे निवडणाऱ्या बायका हातातले टाकून त्या दिशेने आल्या आणि हे कोणते अत्तर, कोठे मिळेल, असे विचारू लागल्या. कोतीजवळ होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या जागच्या जागी खपल्या, आणि ज्या दुकानाने नकार दिला होता त्याच दुकानाने मागणी नोंदवली.

ही गोष्ट सांगणाऱ्यांचे दोन तट आहेत. बाटली हातातून निसटली असे काही म्हणतात. त्याने ती मुद्दाम फोडली असे दुसरे म्हणतात. गर्दीत त्याने आपल्या ओळखीच्या बायका आधीच पेरून ठेवल्या होत्या, अशीही एक पुस्ती जोडली जाते. मला या वादात फारसे स्वारस्य नाही. बाटली कशीही फुटलेली असो, ती फुटल्यावर काय घडले याचा अर्थ त्या दुकानात एकट्या कोतीला कळला. माल दाखवण्याआधी, किंमत सांगण्याआधी, गिऱ्हाइकाने हो किंवा नाही म्हणण्याआधी तो माल त्याच्या शरीरात शिरलेला होता.

नाकाचे वेगळेपण यातच आहे. नको ते दृश्य दिसले तर डोळे मिटता येतात. नको तो वास मात्र पुढच्या श्वासाबरोबर आत येतोच. शरीरशास्त्रही याला दुजोरा देते. डोळ्यांचे आणि कानांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र ते नाके चुकवून भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी जवळजवळ थेट भिडतो. म्हणूनच पहिल्या पावसाचा वास आला की मन आधी हलते आणि कारण मागाहून सुचते. नाक दाबले की तोंड उघडते, असे आपल्याकडे म्हणतात. कोतीने नाक दाबले नाही, सुखावले. आणि तोंडाऐवजी बटवा उघडला.

येथे आपल्याकडची एक रीत आठवते. जुन्या दरबारांत आणि घरगुती समारंभांत अत्तर-गुलाब आणि विडा देत, तो कार्यक्रम संपताना. पाहुणा हात पुढे करी, यजमान मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तर लावी, आणि आता निघायला हरकत नाही असा त्याचा अर्थ असे. सुगंध म्हणजे निरोप. कोतीने हा क्रम उलटा केला. त्याने सुगंध उंबरठ्यावर आणून ठेवला, हात पुढे होण्याची वाट न पाहता.

हा धडा घेऊन तो जो कामाला लागला तो थांबलाच नाही. १९०५ साली ‘लोरिगां’ आले, आणि त्याने कोतीची पेढी भक्कम पायावर उभी केली. बाटलीबद्दलचा जुना विचार त्याच्या मनात होताच. पॅरिसच्या प्लास व्हांदोम या श्रीमंती चौकात त्याचे दुकान २३ क्रमांकाला आणि शेजारी २४ क्रमांकाला रने लालिक या जवाहिऱ्याचे. लालिक दागिन्यांसाठी प्रसिद्ध होता. कोतीने त्याला अत्तराची लेबले आणि बाटल्या घडवायला सांगितले. या शेजाऱ्यांच्या भेटीतून सुगंधाच्या बाटलीला शिल्पाचा दर्जा मिळाला, आणि लालिक काचकामाकडे वळला तो कायमचा. पुढच्या काळातला महान काचशिल्पी लालिक घडण्यात एका अत्तरवाल्याचा वाटा आहे, ही गोष्ट कलेच्या अभ्यासकांनी विसरू नये.

परंतु केवळ श्रीमंतांवर विसंबणारा हा माणूस नव्हता. तेच अत्तर त्याने लहान बाटल्यांतही भरले, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या किंवा दुकानात उभे राहून काम करणाऱ्या मुलीलाही आठवड्याच्या मजुरीतून ते घेता यावे. एकाच सुगंधाची पावडर, साबण आणि अत्तर काढून ती एका पेटीत घालून विकण्याची कल्पनाही त्याने रुजवली. माल उत्तम, बाटली उत्तम आणि किंमत आवाक्यातली, हे त्याचे सूत्र होते. आज हे कोणत्याही दुकानदाराला ठाऊक असते. त्या वेळच्या पॅरिसमध्ये ते धाडस होते. पॅरिसजवळच्या स्युरेन येथे त्याने कारखान्यांची एक नगरीच वसवली. तिला सुगंधनगरी म्हणत. बाटल्या, डबे, झाकणे हीसुद्धा तो आपल्याच कारखान्यांतून करवून घेई. हजारो हात तेथे राबत, आणि त्यांत बायकांचे हात अधिक.

१९१७ साली ‘शीप्र’ हे अत्तर आले. ओकच्या झाडावरचे दगडफूल, बर्गमोट, लॅब्डॅनम अशा द्रव्यांचे ते मिश्रण. त्याला फुलापेक्षा जंगलाचा, ओल्या सालीचा वास. पहिले महायुद्ध चालू असताना हे घडले. त्या युद्धाने युरोपातल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. कोतीची तरली, नव्हे वाढली. फ्रान्समध्ये लढायला आलेले अमेरिकन सैनिक परत जाताना आईसाठी, बायकोसाठी, प्रेयसीसाठी फ्रेंच अत्तराची बाटली घेऊन गेले. अशा रीतीने प्रत्येक सैनिक कोतीचा फिरता विक्रेता झाला. युद्धानंतर अमेरिकेत त्याच्या मालाला जो उठाव आला त्याने तो अब्जाधीश झाला. १९२१ साली ‘एमरोद’ हे आणखी एक गाजलेले अत्तर निघाले.

कोतीनंतर बऱ्याच काळाने, १९८०च्या दशकात, जपानमध्ये काही कंपन्यांनी कचेऱ्यांच्या वातानुकूलनाच्या नळ्यांतून सुगंध सोडण्याचे प्रयोग केले. लिंबाच्या वासाने कर्मचारी ताजेतवाने राहावेत, काम नीट व्हावे, असा हेतू. आज हॉटेले आणि दुकाने ठरवून घेतलेला वास यंत्राने हवेत सोडतात. गिऱ्हाईक थोडे रेंगाळावे, हात सैल सुटावा, एवढीच अपेक्षा. १९०४ साली एक बाटली फोडावी लागली होती, आता बटण पुरते. मला यात थोडी धास्ती वाटते. गिऱ्हाईक निदान दुकानाबाहेर पडू शकते. नोकराला दिवसभर मालकाची हवा श्वासात घ्यावी लागते.

असो. कोतीकडे परत येऊ, कारण त्याच्या आयुष्यातला बिकट भाग अजून सांगायचा आहे.

पैसा मिळाल्यावर कोतीला सत्ता हवीशी झाली. तो स्वतः गर्दीला बुजणारा, लोकांत फारसा न मिसळणारा. पण माणसांच्या श्वासात शिरण्याची विद्या आपल्याला साधली आहे, तर त्यांच्या मतांत का शिरू नये, असे त्याला वाटले असावे. १९२२ साली त्याने ‘ल फिगारो’ हे प्रतिष्ठित वृत्तपत्र ताब्यात घेतले. १९२३ साली तो कॉर्सिकातून सिनेटवर निवडून आला, पण पुढच्या वर्षी ती निवड रद्द ठरली. त्याचा हा डाग त्याच्या मनातून गेला नाही.

मग १९२८ साली त्याने ‘लामी द्यु प्योप्ल’ म्हणजे ‘जनतेचा मित्र’ नावाचे दैनिक काढले. इतर दैनिके २५ सांतीमला असताना याची किंमत अवघी १० सांतीम! लहान बाटलीचे गणित त्याने येथे जसेच्या तसे लावले. वितरण करणारी आशेत पेढी आणि जाहिरातींची आव्हास संस्था यांनी त्याची कोंडी केली. त्याने स्वतःची वितरणव्यवस्था उभारली. खप प्रचंड वाढला. आणि या स्वस्त कागदावर घरोघर काय गेले? परकीयांचा द्वेष, संसदेचा द्वेष, आणि सर्वांत विखारी असा ज्यूंचा द्वेष. महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या ज्यू सैनिकांच्या संघटनांवर त्याच्या पत्रांनी इतके हीन आरोप केले की त्या न्यायालयात गेल्या, आणि १९३३ साली निकाल कोतीच्या विरुद्ध लागला. त्याच वर्षी त्याच्या पैशाने ‘सॉलिदारिते फ्रान्सेझ’ ही निळ्या सदऱ्यांची संघटना निघाली. ६ फेब्रुवारी १९३४ रोजी पॅरिसच्या संसदेसमोर जो रक्तरंजित दंगा झाला, त्यात उतरलेल्या संघटनांपैकी ती एक.

कोतीचे चरित्र सांगणारे पुष्कळ जण येथे एक रेघ ओढतात. अलीकडे प्रतिभावंत अत्तरकार, पलीकडे भरकटलेला राजकारणी. ही वाटणी मला पटत नाही. दोन्ही कामे एकाच हाताने आणि एकाच रीतीने केली. स्वस्त द्यावे, सगळीकडे पोहोचवावे, माणूस विचार करायच्या आत त्याच्यात उतरावे. तथापि एक फरक आहे, आणि तो अत्तराच्या बाजूने सांगायला हवा. दरवळाने बाई काउंटरपर्यंत आली खरी, पण दुसरी बाटली घ्यायला ती परत आली, ती आतला माल अस्सल होता म्हणून. वर्तमानपत्राच्या बाबतीत त्याच्याजवळ युक्ती तेवढी होती; आतला माल कुजका होता. ‘फिगारो’चे जुने वाचक त्याच्या हाती आल्यापासून ते पत्र सोडत गेले. सारीच कामे काही वाईट नव्हती. १९३० साली कोस्त आणि बेलोंत या वैमानिकांनी पॅरिसहून न्यूयॉर्कला न थांबता जे पहिले उड्डाण केले, त्याला पैसा कोतीचा होता. १९३१ साली तो आजाक्सियोचा महापौर झाला. नेपोलियनच्या गावाने निदान एवढे त्याचे ऐकले.

उतार मात्र वेगाने आला. १९२९ साली इव्होनशी घटस्फोट झाला. ज्या बाईने पहिल्या बाटल्या सजवल्या तिला द्यायची रक्कम कोट्यवधी फ्रँकांची ठरली. त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि त्याची तिकडची मिळकत आटली. वृत्तपत्रे तर पैसा पीतच होती. ठरलेले हप्ते फिटेनात. शेवटी ‘फिगारो’ आणि बरीचशी मालमत्ता इव्होनच्या हाती गेली. तिने पुढे लग्न केले ते लेओं कोत्नारेआनू या रुमानियात जन्मलेल्या ज्यू गृहस्थाशी. ज्या पत्रातून ज्यूंवर आग ओकली गेली, त्याची मालकी त्या घरात गेली. कादंबरीत कोणी असे लिहिले असते तर आपण त्याला ओढूनताणून आणलेले म्हटले असते.

२५ जुलै १९३४ रोजी लूव्हसिएन येथील घरी कोती मरण पावला. वय साठ. हे घर एके काळी पंधराव्या लुईच्या प्रिय मादाम द्यु बारीचे होते.

त्याची कंपनी १९६३ साली फायझर या अमेरिकन औषध कंपनीने विकत घेतली. पुढे ती आणखी हातांतून गेली. ‘शीप्र’ हे नाव मात्र वेगळ्या रीतीने टिकले. गेर्लां पेढीचे १९१९ सालचे ‘मित्सुको’ त्याच्याच वळणावर बेतलेले होते, आणि त्यानंतर इतकी अत्तरे त्या वळणाची निघाली की ‘शीप्र’ हे विशेषनाम न राहता अत्तरांच्या एका कुळाचे नाव झाले.

व्हर्साय येथे १९९० साली ‘ओस्मोतेक’ नावाचे सुगंधांचे संग्रहालय सुरू झाले. लुप्त झालेली जुनी अत्तरे मूळ कृतीबरहुकूम तयार करून तेथे सांभाळली जातात. बाटल्यांत आर्गॉन वायू भरून, अंधारात, १२ अंश सेल्सियस तापमानात. कोतीची ‘शीप्र’ आणि ‘ला रोज जाक्मिनो’ ही तेथे आहेत. ती विकत मिळत नाहीत. कोणाला हुंगायची असतील तर व्हर्सायला जावे लागते. मग तेथील माणूस कागदाची एक अरुंद पट्टी बाटलीत बुडवून हातात देतो.